आमची वाटचाल : टॅग, गम आणि कागदपत्रे

कंपनीकडून वापरलेल्या लॅपटॉपचा लॉट उचलताना रॅम, हार्ड डिस्क आणि बॅटरी सगळेच तपासतात, पण झाकणावरचा असेट टॅग, म्हणजे कंपनीच्या मालकीची खूण असलेला स्टिकर किंवा पट्टी, कसा निघेल याचा विचार पैसे मोजण्यापूर्वी करणारे व्यापारी थोडेच आहेत. पुण्यात तापकीर गल्लीच्या परिसरात आम्ही वापरलेल्या लॅपटॉपचा व्यवसाय सुरू केला, तेव्हापासून आमचे नाव झाले ते याच कामामुळे, आणि ते जवळजवळ बुडाले तेही याच कामावरून.

आमचे पहिले भागीदार मूळचे रेडियमच्या कामातले. गाड्यांवरची अक्षरे चिकटवण्यात आणि काढण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेलेली असल्यामुळे गमचा स्वभाव त्यांना ठाऊक होता. स्टिकर वर ओढायचा नाही, तर स्वतःवरच दुमडून, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर आणि अगदी सावकाश ओढायचा, म्हणजे गम त्याच्याबरोबरच येतो, हा त्यांचा पहिला धडा. हीट गनला त्यांनी दुकानात कधी जागा दिली नाही. केस वाळवायचा साधा ड्रायर, हाताला सोसेल इतकीच ऊब, जुने एटीएम कार्ड, सुती कापड आणि आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) एवढ्यावर त्यांचे काम चाले. पाम-रेस्टवरचा, म्हणजे कीबोर्डपुढे तळहात टेकतो त्या जागेवरचा टॅग असेल, तर खाली बहुधा बॅटरी असते म्हणून ती आधी सोडवून बाजूला ठेवत. आयपीएसुद्धा कापडावर घ्यायचे, लॅपटॉपवर ओतायचे नाही, यावर त्यांचा कटाक्ष असे. धातूच्या पट्टीसाठी ते मासे पकडायचा तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा वापरत. पट्टी कोमट केली, की तंगुसाची दोन टोके दोन्ही हातांच्या बोटांना गुंडाळून पट्टीखालून करवतीसारखी मागेपुढे ओढायची. पट्टी सुटताना होणारा बारीक चरचर आवाज आला, की ते हात आणखी हळू करत.

व्हॉइड स्टिकरची वरची पातळ फिल्म निघते आणि मागे 'VOID' अशी अक्षरे उरतात. ती पाहून नवखा माणूस घाबरतो, पण आयपीएने भिजवलेले कापड थोडा वेळ ठेवून पुसले, की बहुतेक वेळा ती जातात. चुरा होणारे स्टिकर मात्र खरी परीक्षा पाहतात, कारण त्यांच्या फिल्ममध्ये ओढ सोसण्याची ताकद मुळातच ठेवलेली नसते. त्यावर मजबूत कापडी टेप घट्ट बसवून, ऊब देऊन दोन्ही एकत्र उचलण्याची रीत आम्ही वापरतो. रबरासारख्या मऊ कोटिंगच्या झाकणावर तर आयपीएही जपून वापरावे, कारण जोर देऊन घासले तर कोटिंगच कापडावर येते. तिथे राहिलेला गम टेपने टिपून उचलावा आणि कोणतेही रसायन आधी तळाच्या कोपऱ्यात लावून पाहावे. थिनर आणि ॲसिटोन प्लास्टिकच्या बॉडीला लावूच नये, कारण एबीएस जातीचे प्लास्टिक त्यात विरघळते आणि पॉलिकार्बोनेट जातीच्या प्लास्टिकला बारीक तडे जातात.

इथे आणखी एक सांगून ठेवतो. सिरियल नंबरच्या लेबलला हात लावू नये. विंडोज 7 आणि त्याआधीच्या लॅपटॉपचे लायसन्स स्टिकरही तसेच ठेवावे, कारण विंडोज चालू करायची 'प्रॉडक्ट की' त्याच्यावरच छापलेली असते. विंडोज 8 पासून ती मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्ये गेली.

2018 साली आम्ही एका बहुराष्ट्रीय कंपनीचा 60 लॅपटॉपचा लॉट घेतला. बिल, मालकी सोडल्याचे पत्र आणि सिरियल नंबरांची यादी आमच्याकडे होती. प्रत्येक झाकणावर धातूची सुरक्षा पट्टी होती. अशा काही पट्ट्यांखाली रसायनाने प्लास्टिकमध्ये मुरवलेला इंग्रजी मजकूर असतो आणि पट्टी निघताच 'हा माल चोरीचा आहे' अशी अक्षरे समोर येतात. माल कायदेशीर विकला गेला असला, तरी ती अक्षरे पुसली जात नाहीत. ज्या शिक्षणसंस्थेने हा लॉट आमच्याकडे नोंदवला होता, तिला आम्ही हे लेखी कळवले, कागदपत्रांच्या प्रती दिल्या, आणि अक्षरे खरवडून पृष्ठभाग दुबळा न करता त्यावर स्किन, म्हणजे चिकटणारे पातळ आवरण, लावण्याची तयारी दाखवली. संस्थेने ते मान्य केले होते.

आमच्याच गल्लीतील एका व्यावसायिकाने त्या संस्थेच्या विश्वस्तांना स्किन उचलून खालची अक्षरे दाखवली आणि आम्ही चोरीचा माल खपवतो असे सांगितले. कागदपत्रे त्यांच्याच कपाटात होती, ती कोणी उघडली नाहीत. सगळा लॉट परत आला, आगाऊ रक्कम परत मागितली गेली, आणि बाजारात आमचे नाव चोराच्या यादीत गेले. पतसंस्थेचे हप्ते थकले, आणि त्या वर्षी प्रकृतीच्या कारणाने भागीदारही निवृत्त झाले. ज्याने आमच्यावर बोट ठेवले, त्यानेच पुढे त्या संस्थेला माल पुरवला. टॅग थिनरने आणि पॉलिश पेपरने काढलेला तो माल आम्ही नंतर दुरुस्तीला आलेला पाहिला. झाकणे पांढरी पडली होती आणि बिजागरीपासून तडे गेले होते.

त्या काळात सासवडचे एक निवृत्त मुख्याध्यापक आमच्याकडे आले. परत आलेल्या लॉटमधला लॅपटॉप त्यांनी मागितला, यादीतला सिरियल नंबर चष्मा पुसून तळाच्या लेबलाशी ताडून पाहिला, कंपनीचे पत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत वाचले आणि मग म्हणाले, "कागद स्वच्छ आहे, अक्षरांचं काय घेऊन बसलात!" पुढे गुरुजींनी आपले कितीतरी माजी विद्यार्थी आमच्याकडे पाठवले. 2020 च्या टाळेबंदीत ऑनलाइन शाळा सुरू झाल्या आणि राहिलेला लॉटही त्याच अक्षरांसह, त्याच कागदांसह विकला गेला.

वापरलेला लॅपटॉप घेणाऱ्याने टॅगच्या जागी बोट फिरवून पाहावे. रंग थोडा वेगळा दिसला तर चिंता नको, कारण टॅगखाली झाकण घासले जात नाही आणि त्याचा रंग उन्हाने उडतही नाही. खरखरीत किंवा पांढुरके लागले, तर मात्र विक्रेत्याला काय लावले ते विचारावे. टॅग असो वा नसो, बिलावर सिरियल नंबर लिहून घ्यावा. आमच्याकडे प्रत्येक लॅपटॉपबरोबर मूळ कंपनीच्या पत्राची प्रत दिली जाते आणि टॅग काढण्यापूर्वीचा त्याचा फोटो ठेवला जातो.

त्या शिक्षणसंस्थेने लॉट परत पाठवण्याचे भाडे आमच्या नावावर टाकले होते. ते परत मिळावे म्हणून आम्ही वेळोवेळी पत्रे लिहिली. त्यांपैकी एकाचेही उत्तर आजतागायत आलेले नाही.