कोपाकबानाला मुक्काम करायचाच होता

बहुतेक आखण्यांमध्ये कोपाकबाना म्हणजे पेरूतल्या पुनोहून बोलिव्हियातल्या ला पाझला जाताना मधे जेवायला उतरायचं गाव. टिटिकाका तलावाच्या काठी ट्राउट खायचा, बोटीने इस्ला देल सोल बेटाला धावती भेट द्यायची आणि रात्रीच्या आत पुढची बस पकडायची. नवऱ्याचंही तेच म्हणणं. मी मात्र मुक्कामासाठी अडून बसले, कारण मला गाड्यांची पूजा बघायची होती. बासिलिकेसमोर, म्हणजे गावातल्या मोठ्या चर्चसमोर, गाड्यांना आशीर्वाद देतात ते सकाळी दहा आणि दुपारी अडीचच्या सुमारास. मुक्काम नसेल तर एक वेळ बसमध्ये जाते, दुसरी बेटावर.

तारखा ठरवताना दोन टोकं टाळली. 2 फेब्रुवारीला देवीचा, म्हणजे इथल्या मेरीमातेचा सण, पण तेव्हा पाऊस. 5 आणि 6 ऑगस्टला पुन्हा उत्सव, त्यात 6 ऑगस्ट बोलिव्हियाचा स्वातंत्र्यदिन. गावात पाय ठेवायला जागा नसते. म्हणून सप्टेंबरचा एक शनिवार-रविवार धरला. हवा कोरडी, दिवसा ऊन, रात्री हाडं गोठतात. हॉटेल शोधताना देशाचं नाव जरूर टाका. नुसतं कोपाकबाना लिहिलं की रिओचा समुद्रकिनारा समोर येतो. (त्या किनाऱ्याचं नाव इथल्याच देवीच्या एका छोट्या चॅपेलवरून पडलं, म्हणजे मूळ मान या गावाचाच.)

कागदपत्रांत पेरूचा प्रश्न सोपा होता. आमच्या पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा होता आणि त्याची मुदत सहा महिन्यांहून जास्त शिल्लक होती, त्यामुळे वेगळा व्हिसा लागला नाही. बोलिव्हियाचा आम्ही निघण्याआधीच काढला. हे नियम बदलत असतात, तेव्हा दूतावासाकडून खात्री करून घ्या. खरी घाई पिवळ्या तापाच्या लशीची करावी लागते. हा ताप असलेल्या देशांच्या भारताच्या यादीत बोलिव्हिया आणि पेरू दोन्ही आहेत. तिथून निघाल्यावर सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात तर प्रमाणपत्र मागतात आणि नसेल तर विलगीकरणात ठेवू शकतात. लस ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं, मग आयुष्यभर चालतं. साठी उलटलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. सासूबाई आमच्याबरोबर आल्या नाहीत त्या याच कारणाने.

उंचीचं गणित लेहवाल्यांना लगेच कळेल. लेह साधारण 3,500 मीटर, टिटिकाका 3,812 आणि गाव त्याहून थोडं वर. लिमा समुद्रसपाटीला, तिथून विमानाने थेट कुस्कोला उतरलं की 3,400. आम्ही कुस्कोला न थांबता आधी खाली ओलान्तायतांबोला गेलो (ते 2,800 च्या आत आहे), मग कुस्को, मग पुनो. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतली. कोकाच्या पानांचा चहा सगळीकडे मिळतो, पण पानं बॅगेत टाकून घरी आणायची नाहीत.

कासानीची सीमा पायी ओलांडायची असते. पेरूच्या बाजूला बाहेर पडल्याचा शिक्का, मग सामान ओढत कमानीखालून चढ, मग बोलिव्हियाचा शिक्का. घड्याळ एक तास पुढे करायचं विसरू नका. तिथून गाव आठेक किलोमीटर. गावातल्या एटीएमवर विसंबू नये. आम्ही कोऱ्या डॉलरच्या नोटा नेल्या होत्या. तेव्हा अधिकृत दर 6.96 बोलिव्हियानो होता आणि बाहेर त्याहून बराच जास्त मिळत होता.

संध्याकाळी सेर्रो काल्वारिओ ही टेकडी चढलो. वाटेवर क्रूसाच्या वाटेची, म्हणजे येशूच्या शेवटच्या प्रवासातल्या टप्प्यांची, चौदा ठाणी. ही उंची शहाणपण शिकवते: दर ठाण्यावर थांबायचं, भाविकपणाने नव्हे, दम लागतो म्हणून. वर विक्रेत्या बायका बसलेल्या, त्यांच्यापुढे चिमुकली घरं, गाड्या, डॉलरच्या नोटांच्या गड्ड्या, प्रवासी बॅगा. ज्याला जे हवं त्याने ते विकत घ्यायचं आणि धूप दाखवून मंत्रवून घ्यायचं. एका जोडप्याने दुमजली घर घेतलं, आणि बाई विक्रेतीला खिडक्या मोजून दाखवत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा बोटीने बेटाच्या दक्षिणेकडच्या युमानीला गेला आणि मी बासिलिकेपाशी. प्लास्टिकच्या फुलांच्या माळा, कागदी फुगे, रंगीत फिती लावलेल्या गाड्यांची रांग, सगळ्यांची बॉनेटं उघडी. पाद्रीबाबा बादली घेऊन येतात, आधी इंजिनावर पाणी शिंपडतात, मग सीटवर, मग मालकाच्या डोक्यावर. ते पुढे सरकले की घरचे लोक बिअर चाकांवर ओततात, पाकळ्या उधळतात, फटाके लावतात. दसऱ्याला आपण चाकाखाली लिंबू ठेवतो, त्यामुळे मला यात परकं काही वाटलंच नाही. एका मिनीबसवाल्याने माझ्याही हातावर पाकळ्या ठेवल्या आणि बॉनेटकडे बोट केलं. टाकल्या.

आत देवी सावळी आहे. फ्रान्सिस्को तितो युपांकी या स्थानिक कारागिराने ती घडवली. त्याची पहिली मूर्ती लोकांना पसंत पडली नाही, म्हणून तो पोतोसीला जाऊन काम शिकला. 1583 मध्ये त्याची मूर्ती इथे आली. ती मंदिराबाहेर काढत नाहीत, मिरवणुकीला प्रतिकृती नेतात. शेजारच्या मेणबत्त्यांच्या खोलीत मात्र जरूर जा. काजळलेल्या भिंतींवर लोकांनी वितळल्या मेणाने घरं आणि गाड्या काढल्यात. एका घराला धुराडंही होतं.

नवरा बेटावरून खूश होऊन आला, इंका पायऱ्यांना शिव्या घालत. बेटाच्या उत्तर भागात 2017 पासून गावागावांत वाद झाला होता आणि तो भाग बराच काळ बंद होता, म्हणून जाण्याआधी चौकशी करावी. वेळ कमी असेल तर माझ्या मते बेट गाळावं, गाव नाही. त्याचं मत उलट आहे.

ला पाझची बस दुपारचीच घ्या आणि निघताना रास्ता रोको नाही ना, ते विचारा. बोलिव्हियात ते वारंवार होतात. टिकिनाच्या सामुद्रधुनीवर प्रवासी छोट्या बोटीने पार होतात आणि रिकामी बस लाकडी तराफ्यावर चढते. त्या बोटीचं तिकीट वेगळं, सुटे पैसे आणि पासपोर्ट हाताशी ठेवा. बसचा नंबरही लिहून घ्या, कारण पलीकडच्या काठावर तशाच चार-पाच उभ्या असतात.