टाकीतले हिरवे पाणी

आज सकाळी माशांच्या टाकीवर जुनी सोलापुरी चादर पांघरली, तेव्हा आईने विचारले, "अरे, या उन्हात माशांना थंडी वाजते का?" थंडी नव्हे, शेवाळ. पाणी इतके हिरवे झाले होते की मागच्या काचेजवळचा गप्पी दिसेनासा झाला. काचेवरचे शेवाळ खरवडता येते. हे मात्र पाण्यात तरंगणारे, एकपेशीय असल्याने स्पंजच्या फिल्टरमधून सहज निसटते. दोनदा अर्धे पाणी बदलले, तरी तिसऱ्या दिवशी पुन्हा तोच रंग. ज्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, तिथे साठवणीच्या पाण्याची ही उधळपट्टी घरच्यांना खटकली, आणि ते रास्तच होते.

चूक माझीच. पश्चिमेच्या खिडकीतून दुपारचे ऊन थेट टाकीवर येते, दिवा रात्री अकरापर्यंत जळतो, आणि कन्यारत्न दिवसातून चार वेळा चिमूटभर म्हणत मूठभर खाद्य टाकते. ते कुजून तयार होणारे नायट्रेट आणि फॉस्फेट म्हणजे शेवाळाला आयते खतच.

आता चार दिवस पूर्ण अंधार आणि खाद्य जवळजवळ बंद. हवेचा पंप मात्र अखंड चालू ठेवला आहे, कारण गरम पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो आणि मेलेले शेवाळ कुजताना उरलेलाही खाऊन टाकते. संध्याकाळी मुलीने चादरीचे टोक हळूच उचलले. मी ते पुन्हा खाली ओढले.