सेव्हेरसचं देनारियस: रोमचं की पूर्वेचं?

रोमन सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसच्या देनारियसवर, म्हणजे चांदीच्या नाण्यावर, टांकसाळीचं नाव नसतं, खूणही नसते. तरी रोममध्ये पाडलेली आणि पूर्वेकडची नाणी बऱ्याचदा वेगळी काढता येतात.

मी आधी सम्राटाच्या बाजूचा मुद्रालेख वाचतो. दहापट भिंग घ्यायचं आणि दिवा बाजूने, जवळजवळ आडवा धरायचा. झिजलेली अक्षरं सावलीने उठून दिसतात. 'आउग' (ऑगस्टस, सम्राटाची पदवी) नंतर 'कॉस' आणि दोन उभ्या रेषा, म्हणजे दुसऱ्यांदा कॉन्सुल (रोमचं वरिष्ठ पद), असं दिसलं की नाणं पूर्वेचं. हे पद इ.स. १९४ सालचं. जागा संपली की डाय (नाणं पाडायचा ठसा) खोदणारा 'कॉस'चा नुसता 'सी' कोरून थांबायचा, म्हणून शेवटचं तुटक अक्षरही सोडायचं नाही. सुरुवातीच्या 'इम्प काए' (इम्पेरातोर सीझर) या अक्षरांवर मात्र विसंबू नका. १९३ साली रोमने लिजनांच्या (रोमन सैन्यदलांच्या) नावाने पाडलेल्या नाण्यांवरही तेच आहे.

मागची बाजू आधार देते, निकाल नाही. 'बोनी एव्हेंतुस' या लेखासारखे प्रकार पेस्केनियस नायजरच्या (पूर्वेकडचा सेव्हेरसचा प्रतिस्पर्धी) नाण्यांवरून पुढे चालू राहिले, ते बहुतेक पूर्वेचे. मागच्या लेखातल्या 'रेडुक' या शब्दात 'सी'च्या जागी 'जी' कोरलेला सापडला तर मला फार आनंद होतो. अशा चुका पूर्वेकडे नेहमीच्या.

खरी अडचण १९८ नंतरची. 'इम्प ११ पार्ट माक्स' (अकराव्यांदा इम्पेरातोर, पार्थियाचा महान विजेता) हा लेख रोम आणि पूर्वेकडची लाओदिकेआ या दोन्ही टांकसाळींच्या गटांत येतो. वजन दोन्हीकडे ३ ग्रॅमच्या आसपास, त्याने काहीच ठरत नाही. अशा वेळी डाय जुळवावी लागते. मुकुटाच्या पानाचं टोक कोणत्या दोन अक्षरांच्या मध्ये येतं, फितीची टोकं कुठे संपतात, दाढीचं टोक कोणत्या अक्षरासमोर आहे, हे मी ठिकाण नक्की असलेल्या नाण्याच्या फोटोशी ताडून बघतो. तिन्ही गोष्टी जुळल्या, तर डाय बहुधा एकच आणि टांकसाळही तीच. पण फोटो अगदी सरळ वरून काढलेला हवा. कॅमेरा जरा कलला की अंतरं बदलतात.

नाणं चिंचेने किंवा रांगोळीने घासू नका. अक्षरांच्या कडा गेल्या की जुळवायला काही उरत नाही.

पाकिटावर मी 'एमेसा' आणि 'लाओदिकेआ' ही पूर्वेकडच्या टांकसाळींची नावं प्रश्नचिन्हासह लिहितो. ती अभ्यासकांनी तर्काने दिलेली आहेत. 'पूर्व' हा शब्द मात्र शाईने लिहितो.