तुम्ही विचारलंत म्हणून: एक शेफ आणि इतकी रेस्तराँ

"एकच फ्रेंच शेफ अमेरिकेत एवढी रेस्तराँ कशी चालवतो?" असं विचारणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा झाँ-जॉर्ज व्हॉन्गेरिश्तन असतात. सगळीकडे ते स्वतः शिजवत नाहीत, हे उघडच आहे. खरी मेख सॉसमध्ये आहे.

जन्म १९५७चा, फ्रान्सच्या आल्सासमधला. शेफ पॉल एबर्लँ यांच्याकडे उमेदवारी, मग शेफ लुई उतिए यांच्या हाताखाली. पुढे बँकॉकचं ओरिएंटल हॉटेल, बॉस्टन आणि १९८६ मध्ये न्यूयॉर्कच्या ड्रेक हॉटेलातलं 'लाफायेत' रेस्तराँ. बँकॉकमध्ये गवती चहा, आलं, नारळाचं दूध हाताळलेल्या माणसाने न्यूयॉर्कमध्ये सॉसमधला लोणी-क्रीम आणि आटवलेल्या स्टॉकवरचा (हाडांच्या अर्कावरचा) भार कमी केला.

वासराच्या हाडांचा स्टॉक म्हणजे हाडं भाजा, आठ-दहा तास मंद आचेवर ठेवा, फेस काढत राहा, गाळा, आटवा. माणूस अडकतो आणि दर स्वयंपाकघरात चव निराळी उतरते. त्याऐवजी भाज्यांचा ताजा रस, स्वादाचं तेल, व्हिनेग्रेट (तेल-व्हिनेगरचं मिश्रण) काही मिनिटांत होतं. रस फक्त खळखळू द्यायचा नाही: गाजराचा फुटतो, पालेभाजीचा हिरवा रंग मळकट होतो. सगळं ग्रॅममध्ये तोललं की नवखा कूकही तीच चव काढतो.

त्यांचा आतून वितळता चॉकलेट केकही असाच सुटसुटीत. (पहिला कुणाचा, हा वाद आहे. फ्रेंच शेफ मिशेल ब्रास यांचा १९८१चा. पण त्यात गोठवलेला गनाश (चॉकलेट-क्रीमचं मिश्रण) असतो, हा नुसता अर्धवट भाजलेला.) चार वाट्यांना ११३ ग्रॅम लोणी, १७० ग्रॅम कडू चॉकलेट, दोन अंडी, दोन बलक, ५० ग्रॅम साखर, दोन मोठे चमचे मैदा, चिमूटभर मीठ. वाट्या आधी भरून ठेवायच्या, ऑर्डर आली की २३० अंशांवर सुमारे बारा मिनिटं. फ्रीजमधून थेट ओव्हनमध्ये घातल्या तर कडा शिजतात, मधला भाग गारच राहतो. बाहेर काढल्यावर एक मिनिट थांबून उलटायच्या. जास्त रेंगाळलात तर आतल्या उष्णतेनेच गाभा घट्ट होतो.

पैशाचं गणित रुक्ष आहे. १९९१चं 'जोजो' भागीदारीतलं, छोटं. १९९७ मध्ये सेंट्रल पार्कशेजारच्या हॉटेलात 'झाँ-जॉर्ज' उघडलं. हॉटेलवाल्यांशी करार करताना अनेकदा जागा आणि बांधकाम त्यांचं, शेफला विक्रीतला किंवा नफ्यातला वाटा. त्यामुळे विस्तार परवडतो. पण सर्वोच्च दर्जा टिकवणं वेगळं: रेस्तराँना तारे देणाऱ्या मिशलँच्या न्यूयॉर्क मार्गदर्शिकेने सुरुवातीपासून दिलेल्या 'झाँ-जॉर्ज'च्या तीन ताऱ्यांचे २०१८च्या आवृत्तीत दोन झाले.