आमची वाटचाल : तंबोरा ऐकू आला पाहिजे

दुकानाच्या पाटीवर आजही 'साउंड सर्व्हिस' एवढंच आहे. वडिलांनी रंगवून घेतलेली पाटी, ती बदलायचा प्रश्नच आला नाही. त्यांचा धंदा म्हणजे कर्णे, आहुजा कंपनीचा ॲम्प्लिफायर आणि गणपतीचे दहा दिवस. मी मागच्या अंगाला रेकॉर्डिंगची खोली काढली तेव्हा सांगलीच्या गावभागात लोक हसले. पण शेजारी मिरज आहे हे विसरून कसं चालेल? किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब जिथं राहिले, विष्णू दिगंबर पलुस्कर जिथं बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी गाणं शिकले, त्या गावाच्या उंबऱ्यावर आवाजाचा धंदा चालणार नाही तर कुठं चालणार? भजनी मंडळं, शाळांची स्नेहसंमेलनं, गंधर्व महाविद्यालयाच्या संगीत परीक्षेला बसणाऱ्या मुलांच्या सरावासाठी लेहऱ्याच्या, म्हणजे तालाबरोबर फिरत राहणाऱ्या धुनेच्या, सीडी, अशी वर्षं गेली. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगायचं ते २०१९ पासूनचं. ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट, हे सांगलीकराला सांगायला नको. २००५ च्या पाण्याची खूण आमच्या भिंतीवर होती आणि सगळा माल त्या खुणेच्या वरच्या फळीवर चढवला होता. पाणी फळीच्याही वर गेलं. ओसरल्यावर मिक्सर उचलला तर फेडरच्या, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या खुंट्यांच्या, खाचांतून गाळ ओघळत होता. धुऊन, वाळवून चालू केला, पण फेडर सरकवला की करकर. पेटीचा भाता फुगला, सुरांच्या पितळी पट्ट्या हिरव्या पडल्या. स्पीकरचे कागद हाताला लगद्यासारखे लागत होते. पंचनामा करायला आलेल्यानं कागदावर 'किरकोळ इलेक्ट्रिक सामान' असं लिहिलं. त्या किरकोळ सामानाचे हप्ते मी अजून फेडत होतो.

वाचला तो एकच कंडेन्सर माइक, बारीक आवाजही टिपणारा, कारण तो त्या आठवड्यात तासगावला गाणं शिकवणाऱ्या बाईंकडे होता. बाई आमच्या पहिल्या गिऱ्हाईक. एसटीनं मुलं घेऊन यायच्या, बरोबर तंबोरा गवसणीत गुंडाळलेला, त्याला स्वतःच्या शेजारची खिडकीची जागा. पूर ओसरल्यावर माइक परत द्यायला आल्या आणि पाकीट पुढं केलं. "हे पुढच्या रेकॉर्डिंगचे. खोली बंद केलीस तर परत मागेन." पैसे फार नव्हते. पण त्या दिवशी तेवढे द्यायलाही दुसरं कोणी आलं नव्हतं, भाड्यानं माल नेऊन वर्षानुवर्षं उधारी ठेवणारे तर नाहीच नाही.

त्यातून उभं राहतोय तोवर २०२० चा मार्च. लग्नं नाहीत, गणपती नाही, गॅदरिंग नाही. साउंडवाल्यांची तेव्हा काय अवस्था होती ते साउंडवाल्यालाच विचारा. मग महोत्सव आणि स्पर्धा ऑनलाइन झाल्या आणि बाईंचा फोन आला. "मुलांना बसवायचंय. नियमांचं पान पाठवलंय, मला त्यातलं निम्मं कळलं नाही."

नियम साधेच होते. सात मिनिटांच्या आत सादरीकरण. एकच कॅमेरा, हलवायचा नाही. मध्ये काटछाट नाही. चेहरा आणि दोन्ही हात दिसले पाहिजेत. व्हिडिओ यूट्यूबवर अनलिस्टेड, म्हणजे लिंक असेल त्यालाच दिसेल असा, ठेवून लिंक फॉर्ममध्ये भरायची. पालक म्हणाले, एवढ्याला खोली कशाला, मोबाइल आहे की. मोबाइलमध्ये आवाजाची पातळी आपोआप कमी-जास्त होते. मुलगी आलाप हळू घेते तेव्हा मोबाइल आवाज उचलतो, घरातला पंखा, फ्रिज सगळं वर येतं. तान आली की तोच आवाज दाबतो. मुलीनं जपून केलेला लहान-मोठा आवाज सपाट होऊन परीक्षकापर्यंत जातो. आम्ही आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घ्यायचो, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, म्हणजे आवाजाचे बारकावे शाबूत राहतात. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी. त्या टाळीवर चित्र आणि आवाज जुळवायचे, बाकी कशाला हात लावायचा नाही.

तबलजी त्याच खोलीत पाहिजे. तो त्याच्या घरून आणि मुलगी तिच्या घरून, असं इंटरनेटवरून लयीत बसत नाही. आवाज पोचायला लागणारा वेळ समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, उघडा पडतो. मुलगी पांढरी पाचमध्ये, म्हणजे पेटीची पाचवी पांढरी पट्टी सा धरून, गाते आणि तबलजी त्याहून बऱ्याच खालच्या काळी एकचा तबला घेऊन आला तर त्याला परत पाठवायचो. ठोकून ठोकून चढवलेला तबला मध्येच उतरतो आणि अख्खा टेक वाया जातो.

आता आमच्या स्पर्धकाबद्दल. नाव घेत नाही, ज्याला कळायचं त्याला कळेल. केबल गुंडाळायला आमच्याच खोलीत शिकला. त्यानं ऑनलाइन स्पर्धांचं पॅकेज काढलं. आधी आवाज रेकॉर्ड करायचा, सॉफ्टवेअरनं सूर सरळ करायचे, वर रिव्हर्ब, म्हणजे देवळात घुमल्यासारखा कृत्रिम घुमारा, ओतायचा, मग नदीच्या घाटावर नेऊन मुलीला नुसते ओठ हलवायला लावायचे. रिव्हर्ब म्हणजे भडंगातला लसूण, जास्त झाला की कुरमुरे कसले होते तेच कळत नाही. आमच्या खोलीचा दर त्याच्या निम्मा, तरी एका हंगामात निम्मे क्लास तिकडं गेले. बाईंचेसुद्धा दोन विद्यार्थी गेले. त्यांच्या पालकांनी बाईंनाही विचारलं नाही.

त्यातली मालकंस रागाची एक क्लिप मी कितीदा ऐकली असेल. मालकंसात पंचम, म्हणजे प, नाही. म्हणून तंबोऱ्याची पहिली तार मध्यमाला, म्हणजे म ला, लावतात, हे प्रवेशिकेच्या, म्हणजे सुरुवातीच्या परीक्षेच्या, पोरालाही माहीत असतं. ह्या गृहस्थानं ॲपवरचा पंचमाचा तानपुरा तसाच खाली सोडलेला. मींड घेताना सूर एकावरून दुसऱ्यावर सरकत जायच्या ऐवजी टपटप उड्या मारतो, कारण सॉफ्टवेअरनं त्याला प्रत्येक सुरावर नेऊन बसवलंय. सम ऐकू येते एका जागी, तबलजीचा हात पडतो दुसरीकडं. त्या क्लिपला बक्षीस मिळालं. आमच्या खोलीत रेकॉर्डिंग केलेल्या मुलीला, जिनं एका दमात, न अडखळता, मध्यमाच्या तंबोऱ्यावर तोच राग गायला होता, तिला सहभागाचं प्रमाणपत्र. मी आयोजकांना मेल लिहिला. 'परीक्षकांचा निर्णय अंतिम' एवढं उत्तर आलं. परीक्षकांनी ऐकलं नाही, की ऐकून सोडून दिलं, हे मला आजही कुणी सांगावं.

बाई मात्र भांडल्या नाहीत. पुढच्या खेपेला तंबोरा थेट कॅमेऱ्याच्या चौकटीत ठेवून बसल्या. आधी मिरजेच्या कारागिराकडून जवारी काढून, म्हणजे तार झंकारेल अशी घोडी घासून, आणली होती. तरी खोलीत आल्यावर तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर वाकून, तारेखालचा दोरा नखानं केसभर सरकवायच्या, कान तारेला लावून. दोरा जागेवर आला की एका तारेतून झंकार फुटायचा. मग तारेतला खालचा मणी किंचित ओढून सूर नेमका करायच्या. त्यात अर्धा तास जायचा आणि मी त्याचे पैसे कधी लावले नाहीत. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा बाईंनी पेढे पाठवले, जणू त्यांच्याच घरचं कार्य.

तंबोरा चौकटीत बसला त्या वर्षी अंतिम फेरी झूमवर थेट होती आणि तिथं पॅकेज उपयोगाला येईना. झूम सतत चालणारा आवाज गोंगाट समजून कापतं. त्याच्या दृष्टीनं पंखा आणि तंबोरा एकच. सेटिंगमध्ये 'ओरिजिनल साउंड' चालू करावं लागतं, वायफाय सोडून केबल लावावी लागते, महावितरणचा भरवसा नाही म्हणून इन्व्हर्टर. आमच्या खोलीतून बाईंची विद्यार्थिनी तंबोऱ्यासकट ऐकू गेली. दुसरीकडून गाणाऱ्या काहींच्या मागं नुसती शांतता होती, मध्येच अर्धा सेकंद तानपुरा यायचा आणि जायचा. ओठ हलवून तिथं भागत नव्हतं. निकाल काय लागला ते ज्यांनी पाहिलं त्यांना ठाऊक आहे. त्यानंतर गेलेल्यांपैकी तीन क्लास परत आले. उरलेल्यांना मी बोलवायला गेलो नाही.

पालकांना सांगतो, विचारलं नसलं तरी. सात मिनिटांत विलंबित एकतालाचा, म्हणजे बारा मात्रांच्या संथ तालाचा, हट्ट धरू नका, मोजक्याच आवर्तनांत वेळ संपतो. मध्यलयीची बंदिश, चार आलाप, बेताच्या ताना. मुलाचा आवाज फुटायला लागला असेल तर पट्टी खाली घ्या, मागच्या वर्षीच्या बक्षिसाची पट्टी धरून बसू नका. बांगड्या काढून ठेवा. कॅमेऱ्यामागं उभं राहून शब्द पुटपुटू नका, मूल तुमच्याकडंच बघतं आणि ते परीक्षकाला दिसतं.

आणि फॉर्मच्या शेवटच्या तारखेला संध्याकाळी येऊ नका. त्या दिवशी व्हिडिओ चढायला वेळ लागतो, तुम्ही माझ्यावर ओरडता, आणि जन्मतारखेचा दाखला हमखास घरी राहिलेला असतो. जानेवारीच्या हंगामातले रविवार बाईंच्या मुलांना दिलेत. बाकीच्यांनी शनिवारी दुपारी चारनंतर यावं, तबलजी सोबत आणावा, आणि तबला कुठल्या पट्टीचा आहे ते आधी फोन करून सांगावं.