उंबरठा नसलेली न्हाणी

लातूरच्या आमच्या घरातील न्हाणीघराचा चार इंची उंबरठा गेल्या उन्हाळ्यात आम्ही फोडला. आईच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाल्यापासून तो ओलांडताना तिला चौकट धरून उभे राहावे लागे, आणि आत गेल्यावर शॉवरभोवतीच्या काचेचा कठडा पुन्हा आडवा येई. ती काच मीच हौसेने बसवून घेतली होती, त्यामुळे तक्रार कोणाकडे करणार?

ज्याला आता वेट रूम म्हणतात त्यात कठडा, काच, पडदा काहीच नसते. सगळी जमीन एकसलग असते, पाणी कोठेही सांडले तरी ढाळाने जाळीकडे जाते आणि फरशीखाली संपूर्ण खोलीला जलरोधक थर दिलेला असतो. दुकानदाराने चित्रे दाखवून हे समजावले तेव्हा आई म्हणाली, "अरे, ही तर आपली गावाकडची न्हाणीच की." तिचे म्हणणे बरेचसे खरे होते. खडबडीत शहाबादी फरशी, कोपऱ्यात मोरीचे भोक आणि बसायला दगड, एवढ्यावर तिची हयात गेली. प्लंबर लोक जमिनीतल्या जाळीखालच्या भांड्याला आजही नहाणी ट्रॅपच म्हणतात. फरक एवढाच, की ती न्हाणी परसात होती आणि मुरलेले पाणी अळूला मिळे; आमच्या न्हाणीच्या भिंतीपलीकडे मात्र कपड्यांचे कपाट आहे.

म्हणून खरा खर्च आणि खरी काळजी फरशीखाली आहे. जुनी फरशी व कोबा काढून, कोपऱ्यांत सिमेंटचा गोल वाटा (जमीन आणि भिंतीच्या सांध्याला गोलाई) मारून, त्यावर जलरोधक रसायनाचे दोन हात दिले, एक आडवा आणि एक उभा. हा थर भिंतीवर सगळीकडे फूटभर आणि शॉवरच्या बाजूला सहा फुटांपर्यंत चढवला. आमचे घर तळमजल्यावर असल्याने जमीन खाली खोदता आली. वरच्या मजल्यावर स्लॅब मुळात खोलगट टाकलेला नसेल, तर ढाळासाठी जागा मिळवायला न्हाणीची जमीन उंच करावी लागते, आणि मग फोडलेला उंबरठा पायरी होऊन परत येतो.

थर वाळल्यावर, कुठे गळते का ते पाहायला, जाळीचे तोंड बंद करून दोन इंच पाणी दोन दिवस साठवून ठेवायचे होते. सहा बाय आठ फुटांच्या खोलीत ते सव्वादोनशे लिटरच्या आसपास भरते. २०१६ साली ज्या शहरात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे एवढे पाणी नुसते जमिनीवर उभे करायचे, हे आईला पटेना. दर तासाला ती दारात येऊन भिंतीवरची पेन्सिलची खूण पाहून जाई. पाणी काही उतरले नाही.

चूक पुढे झाली. ढाळ १:८० म्हणजे आठ फुटांत साधारण ३० मिलिमीटर ठरला होता. पण मला आवडल्या म्हणून दोन बाय दोन फुटांच्या मोठ्या फरश्या आणल्या होत्या, आणि जाळी खोलीच्या मधोमध होती. चारही बाजूंनी उतरणारी जमीन मोठ्या फरशीला साधत नाही, कारण ती वाकत नाही. मिस्त्रींनी हे सांगितले होते. मी ऐकले नाही. काम संपल्यावर आईने तांब्याभर पाणी कमोडमागे ओतले. ते तिथेच वाटीएवढे डबके करून राहिले. मिस्त्री माझ्याकडे न पाहता म्हणाले, "आजी, पाणी खोटं बोलत नाही."

सगळ्या फरश्या उखडताना खालचा थरही खरवडला गेला, म्हणजे पुन्हा दोन हात आणि पुन्हा पाणी साठवणे आले. या वेळी जाळी भिंतीलगत लांबट घेतली, जेणेकरून ढाळ एकाच दिशेला राहील, आणि फरश्या एक बाय एक फुटाच्या, घसरू नये अशा खरखरीत बसवल्या. बोअरच्या पाण्याचे क्षार बसतात म्हणून सांध्यांत साधे सिमेंट न भरता इपॉक्सी (पाणी न शोषणारी राळ) भरले. धरायचा दांडा विटेच्या भिंतीत खोलवर घेतला, दार बाहेर उघडणारे केले, म्हणजे आत कोणी पडले तरी ते अडणार नाही, आणि गीझरच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच प्रवाह तोडणारा स्विच, लावला.

दुसऱ्या वेळचे सव्वादोनशे लिटर मात्र गटारात जाऊ दिले नाहीत. अंगणात नवा ओटा बांधला होता, त्याला पाणी मारायचेच होते. आई स्टुलावर बसून तांब्याने बादली भरून देत होती आणि मी ती ओट्यावर नेऊन ओतत होतो.