फॅशन प्लेट: रेषा पक्की, रंग कच्चा

फॅशन प्लेट म्हणजे मासिकात येणारं नव्या पोशाखांचं छापील चित्र. एकोणिसाव्या शतकातल्या लंडन-पॅरिसच्या अशा प्लेटवरून झगा शिवायला घेणाऱ्यांची हमखास चूक म्हणजे चित्रातला रंग जसाच्या तसा उचलणं. या प्लेटमध्ये रेषा तेवढी छापलेली असते. तांब्याच्या, पुढे पोलादाच्या पत्र्यावर आम्लाने आणि कोरणीने रेषा कोरायच्या, त्यांत शाई भरून पत्र्याचा वरचा भाग पुसून काढायचा आणि ओलसर कागद ठेवून रुळांमधून दाबायचा. त्यामुळे कमरेची उंची, बाहीच्या चुण्या, झालरीचे थर सगळ्या प्रतींत सारखेच. रंग मात्र प्रत्येक प्रतीवर हाताने.

हे काम बहुतेक बायका करत. समोर एक नमुना. एकीने एक रंग लावला की कागद पुढचीकडे. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या 'गोडीज लेडीज बुक' या मासिकाकडे अशा दीडशेच्या आसपास बायका होत्या. साहजिकच एका मैत्रिणीच्या अंकात जो झगा निळा, तोच दुसरीच्या अंकात गुलाबी. त्यावर प्रकाशक गोडीचं उत्तर मासलेवाईक होतं: आम्ही मुद्दामच वेगवेगळे रंग देतो, म्हणजे गावातल्या दोघींना ताडून बघता येईल! तेव्हा एका प्लेटवरून 'त्या वर्षी हिरव्याची चलती होती' असं ठोकून देऊ नका. सोबतच्या मजकुरात कापड आणि रंग सांगितलेला असतो, तो वाचा. लंडनच्या ॲकरमनच्या 'रिपॉझिटरी ऑफ आर्ट्स' या मासिकात (1809–1829) तर कापडाचे खरे तुकडेच चिकटवलेले सापडतात. त्याहून मोठा पुरावा नाही.

सगळ्यात फसवा रंग पांढरा. 1800च्या सुमारास पांढऱ्या मलमलीचे, छातीखाली कंबर असलेले झगे आणि त्यावर काश्मिरी शाल, पदराला आपली ओळखीची कोयरी. मलमल दाखवताना कागद कोराच सोडत आणि घड्यांत फिकट करडा किंवा निळसर हात फिरवत. आता कागद पिवळा पडला की झगा साईच्या रंगाचा वाटतो. समासाशी ताडून बघा: दोन्ही सारखे असतील तर झगा पांढरा होता. उलट जिथे शिशाचा सफेदा वापरला आहे, तिथे हवेतल्या गंधकामुळे तो काळवंडतो. लेसवरचे काळपट ठिपके मूळचे पांढरे असू शकतात.

कापडाचा पोतही कळतो. साटीन दाखवायला रंगावर डिंकाचं पाणी देत. कागद उजेडात तिरका धरला की तेवढाच भाग चकाकतो.

रंग त्या काळातलाच आहे का, हे बघायला दहापट भिंग घ्या. सारख्या अंतरावर बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर ती आधुनिक छपाई, विषय संपला. काही मासिकं साधी आणि रंगीत अशा दोन किमतींत निघत, त्यामुळे साध्या प्रती मागाहून रंगवल्या जाणं सोपं. कागदाने रंग शोषू नये म्हणून त्याला सरस दिलेला असतो, जुन्या कागदात तो कमकुवत झालेला असतो. नवा रंग कागदात शोषला जाऊन मागच्या बाजूला उमटतो, तपकिरी डागांवर तर अधिकच पसरतो. अपवाद तांब्याच्या जंगाल हिरव्याचा: तो मूळचा असला तरी कागद पोळून मागे तपकिरी छाप सोडतो. गर्द हिरव्यात सोमल (आर्सेनिकचं विष) असू शकतो, म्हणून हाताळल्यावर हात धुवा.

फ्रेम करताना काच चित्राला टेकू देऊ नका, मध्ये आम्लरहित माउंट (पुठ्ठ्याची चौकट) हवाच. दमट हवेत डिंक काचेला चिकटतो आणि काच काढताना साटिनाची चकाकी तिच्याबरोबर निघून येते.